जुन्या संगणकाचा ताळेबंद

आमच्या काळात बँकेत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याची खरी परीक्षा तेरीज पत्रक न जुळण्याच्या दिवशी होत असे. संध्याकाळचे सात वाजलेले, नावे आणि जमा यांत फरक राहिलेला, आणि तो सापडल्याशिवाय कोणी घरी जायचे नाही असा शिरस्ता. अशा वेळी अनुभवी माणसे सगळ्या खातेवह्या पहिल्या पानापासून उलगडत बसत नसत. ती आधी फरकाच्या आकड्याकडे पाहत. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ५४०० च्या जागी ४५०० लिहिले की फरक ९०० येतो. फरक १२४० असेल तर त्याचे निम्मे, म्हणजे ६२० ची रक्कम चुकीच्या बाजूला गेली आहे काय, हे पाहायचे. चूक स्वतःच आपला पत्ता सांगत असते, तो वाचता आला पाहिजे, असे आमचे एक ज्येष्ठ अधिकारी म्हणत.

पुढे १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली, १९८९ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला, आणि हळूहळू आमच्या टेबलांवर यंत्रे विराजमान झाली. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. इलेक्ट्रॉनिक्सचे औपचारिक शिक्षण मला नाही. परंतु मराठवाड्यातील लहानमोठ्या शाखांत काम करताना यंत्र बंद पडले की शहरातून अभियंता येईपर्यंत दोन दोन दिवस जात, आणि तोवर खिडकीसमोरच्या ग्राहकांना उत्तर देणे आमच्याकडेच असे. त्या गरजेतून जे शिकलो, त्याचा उपयोग निवृत्तीनंतर घरच्याच माणसांना झाला. तो अनुभव आपल्या परिवारांपुढे मांडावा, असे वाटले. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे किंवा माळ्यावरच्या कचेरीत, दहा-बारा वर्षांचा एक संगणक आजही टॅली चालवीत बसलेला असतो.

माझ्या धाकट्या भावाचे गुलमंडी परिसरात घाऊक कापडाचे दुकान. फुलंब्री, कन्नड, गंगापूर, पैठण येथील किरकोळ दुकानदार त्याच्याकडून उधारीवर माल नेत. दोन वर्षांपूर्वी तो अचानक गेला. दुकान भावजय आणि पुतण्या सांभाळू लागले. सारा हिशेब २०१२ साली जोडून घेतलेल्या एका संगणकावर होता. भाऊ स्वतःच नोंदी करी. मुनीमजी फक्त कच्चा रोजमेळ लिहीत. गेल्या दिवाळीनंतर तो संगणक कुरकुरू लागला. मधेच निळा पडदा येई, काही अक्षरे झळकत आणि यंत्र पुन्हा सुरू होई. कधी टॅलीत खाते उघडताच सारे गोठून जाई. अखेर एके दिवशी बटण दाबल्यावर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला आणि पेटीतून लांब लांब बीप ऐकू येऊ लागले.

एका दुरुस्ती करणाऱ्याने पाहून सांगितले, "मदरबोर्ड गेला. नवा घ्या." दुसरा म्हणाला, "विंडोज खराब झाली आहे, सगळे पुसून नव्याने टाकतो." त्याच सुमारास एका जुन्या ग्राहकाकडे अडतीस हजारांची बाकी निघत असल्याचे मुनीमजींच्या रोजमेळावरून दिसत होते, आणि तो गृहस्थ शपथेवर सांगत होता की ती रक्कम त्याने भावाच्या हाती दिली आहे. भावजयीने मला फोन केला. "भाऊजी, यंत्र गेले तर जाऊ द्या, पण यांनी लिहिलेले तेवढे राहिले पाहिजे. कोणाचे खरे ते त्यातच आहे."

येथे पहिला मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. संगणकातील 'स्मृती' दोन प्रकारची. रॅम ही काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती. वीज गेली की ती कोरी होते. हार्ड डिस्क ही कायमची; आपला हिशेब तिच्यावर असतो. रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे दप्तराचे कपाट. टेबल मोडले म्हणून कपाटातील वह्या नष्ट होत नाहीत. परंतु मोडक्या टेबलावर बसून वह्यांत लिहीत राहिलो तर मात्र वह्या बिघडतात. सदोष रॅममधून जाणारा आकडा बदलू शकतो आणि तसाच डिस्कवर उमटू शकतो. म्हणून रॅमवर संशय असताना त्या यंत्रावर नवी नोंद करू नये, टॅलीची दुरुस्ती-आज्ञा चालवू नये, आणि त्याच यंत्रावरून बॅकअपही घेऊ नये. घेतलेली प्रत विश्वासार्ह नसते. आणि सारे पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला तर हिशेबाची प्रत हाती येण्यापूर्वी कदापि मानू नये.

म्हणून आम्ही सर्वांत आधी हार्ड डिस्कच बाहेर काढली. दोन तारा आणि चार स्क्रू, एवढेच ते काम. बाजारात अशी डिस्क यूएसबीने दुसऱ्या संगणकाला जोडण्याची जोडणी स्वस्तात मिळते. साडेतीन इंची डिस्क असेल तर तिला स्वतंत्र वीजपुरवठा असलेली जोडणी घ्यावी. पुतण्याच्या लॅपटॉपवर टॅलीचा संपूर्ण डेटा फोल्डर उतरवून घेतला, एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली आणि मगच यंत्राच्या रोगाकडे वळलो.

निदान नेहमी बाहेरून आत करावे. भिंतीतील सॉकेट, यूपीएस, वीजतार, मॉनिटर आणि त्याची केबल हे प्रथम पाहावे. बीप नक्की कोणाचा, हेही ठरवावे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस आपल्या दुकानांत घरोघरच्या देवघराइतके रुळले, आणि पुष्कळदा यूपीएसचीच बॅटरी ओरडत असते. संगणकाच्या पेटीला हात लागता झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग सदोष आहे. तेथे संगणकवाल्याच्या आधी वीजतंत्री बोलवावा.

आता आतील बीप. यंत्र सुरू होताच मदरबोर्ड स्वतःची आणि जोडलेल्या भागांची तपासणी करतो. पडद्यावर काही दाखविण्याआधीच दोष आढळला तर त्याला बीपवाचून दुसरी भाषा नसते. ही भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी. एक लांब व दोन आखूड बीप बऱ्याच बोर्डांवर चित्रविषयक दोष सुचवतात, तर पुन्हा पुन्हा येणारा लांब बीप बहुधा रॅमकडे बोट दाखवतो. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत याचा तक्ता असतो. आमच्या यंत्राचा सूर दुसऱ्या जातीचा होता. फरकाला ९ ने भाग गेला, असेच म्हणा ना.

यंत्र उघडण्यापूर्वी वीज बंद करून तार काढावी आणि चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. आपल्या मराठवाड्याची हवा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोरडी. टेरिकॉटचा सदरा काढताना जी चटचट होते, ती स्थिर विद्युत. माणसाला जाणवण्याच्या कितीतरी आधी ती रॅमच्या नाजूक चकत्यांना मारक ठरते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, आणि रॅमची पट्टी नेहमी कडांना धरावी.

पेटी उघडली तेव्हा कापडाच्या दुकानात सापडते तेच सापडले: सुताच्या तंतूंचा आणि धुळीचा नमद्यासारखा थर. कोरड्या मऊ ब्रशने तो काढला. दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या. पट्टीच्या कडेला सोनेरी मुलाम्याचे संपर्कबिंदू असतात; डीडीआर ३ प्रकारात ते २४० भरतात. त्यांवर मळ किंवा ऑक्साइडचा थर बसला की संपर्क अर्धवट होतो. पेन्सिलीचा मऊ खोडरबर त्यांवरून हलक्या हाताने फिरवावा, पण बोर्डापासून दूर, म्हणजे चुरा खोबणीत पडणार नाही. मग पट्टी दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावी. कडेची खीळ स्वतःहून 'टक्' करून लागली पाहिजे. जुन्या यंत्रांचे निम्मे 'मदरबोर्ड गेले' या खोडरबराने परत आलेले मी शाखांत पाहिले आहेत. पट्टी बदलायची वेळ आली तर प्रकार तपासावा. डीडीआर २, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एकीची पट्टी दुसरीच्या खोबणीत बसत नाही, आणि जोर लावून बसवू नये.

आमचे यंत्र साफसफाईनंतर सुरू झाले, पण तासाभरात पुन्हा निळा पडदा. आता मळाचा प्रश्न उरला नव्हता. पट्टी सदोष की बोर्ड, हे ठरवायचे होते. पट्ट्या दोन, खोबणी दोन. म्हणजे चार प्रयोग. मी पुतण्याला कागदावर तक्ता आखायला सांगितला. पहिली पट्टी पहिल्या खोबणीत, नंतर दुसऱ्या. दुसरी पट्टीही तशीच. एका वेळी एकच. एखादी पट्टी दोन्ही खोबणीत नापास झाली तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच खोबणीत नापास झाल्या तर दोष खोबणीचा, म्हणजे बोर्डाचा. प्रत्येक वेळी पेन ड्राइव्हवरून स्मृती-चाचणीचा मोफत कार्यक्रम 'मेमटेस्ट' चालविला. हार्ड डिस्क बाहेरच ठेवली होती, कारण या चाचणीला तिची गरज नसते. ही चाचणी रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकृती लिहून पुन्हा वाचते. किमान एक पूर्ण फेरी होऊ द्यावी, शक्य तर रात्रभर चालवावी, आणि एकही चूक निघाली तरी नापासच समजावे. पेन ड्राइव्हची खटपट नको असेल आणि विंडोज चालू होत असेल, तर विंडोजमध्येही अशी चाचणी अंतर्भूत असते. 'एमडीशेड' ही आज्ञा दिली की ती मिळते.

"काका, एक चूक एवढी महत्त्वाची?" असे पुतण्याने विचारले. त्याला बेल्जियमची गोष्ट सांगितली. मे २००३ मध्ये तेथील शारबेक या गावी निवडणुकीत एका उमेदवाराला तिच्या पक्षाच्या मतांच्या हिशेबात बसूच शकत नाहीत इतकी मते यंत्राने दाखविली. पुन्हा मोजणी केल्यावर फरक निघाला बरोबर ४०९६ मतांचा. हा आकडा म्हणजे २ चा बारावा घात. संगणक सारे आकडे ० आणि १ मध्ये लिहितो. तेरावे घर ० चे १ झाले की नेमके ४०९६ वाढतात. तज्ज्ञांनी संशय घेतला तो अवकाशातून येणाऱ्या एखाद्या किरणकणाचा. ते सिद्ध करता आले नाही, पण स्मृतीतील एक घर उलटले होते हे फरकानेच सांगितले. आमच्या ९ च्या नियमाचा हा संगणकी भाऊच म्हणायचा. मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी वेगळ्या जातीची रॅम असते. दर ६४ अंकांमागे ८ पडताळणीचे अंक ठेवून ती एक चूक आपोआप सुधारते आणि दोन झाल्यास ओळखते. बँकेत नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा असतो, तसेच हे. आपल्या दुकानातील साध्या संगणकाला असा तपासनीस नसतो. तेथे बाकी जुळवून पाहण्याचे काम आपलेच.

चार प्रयोगांचा निकाल स्वच्छ आला. पहिल्या खोबणीत दोन्ही पट्ट्या उत्तीर्ण. दुसऱ्या खोबणीत दोन्ही अनुत्तीर्ण. म्हणजे रॅम निर्दोष, आणि बोर्डही पूर्णपणे 'गेलेला' नाही. त्याची एक खोबण तेवढी गेलेली. ती कायमची मोकळी ठेवायची, आणि पहिल्या खोबणीत दोनऐवजी चार जीबीची एकच पट्टी घालायची. जुन्या वापरलेल्या पट्टीवर काम भागले.

मदरबोर्डाच्या आणखी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, त्यावरील नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल, 'सीआर २०३२'. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, हाच त्याच्या नावाचा अर्थ. वीज नसताना तारीख-वेळ तो जपतो. काही वर्षांनी तो संपला की रोज सकाळी यंत्र जुनीच तारीख दाखवते. मग जीएसटीचे संकेतस्थळ सुरक्षेच्या कारणाने उघडत नाही आणि आपण इंटरनेटवाल्याला दोष देत बसतो. काही रुपयांचा सेल बदलला की काम होते. मात्र त्याआधी बोर्डावरील मांडणीची, विशेषतः हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे याची, मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. ती बदलली तर विंडोज सुरू होणार नाही. दुसरी, बोर्डावरील उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला किंवा तपकिरी द्रव झिरपलेला दिसला तर तो बोर्ड आता फार काळचा सोबती नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत सदोष कपॅसिटरची जगभर साथच आली होती. तिसरी, सर्व रॅम काढून यंत्र सुरू केले आणि बीप आला, तर बोर्ड व प्रोसेसर जिवंत असल्याची ती खूण. स्पीकर जोडलेला असूनही पूर्ण शांतता असेल, तर आधी चांगला एसएमपीएस लावून पाहावा आणि मगच बोर्डाला मृत ठरवावे. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात घातक भार राहतो.

यंत्र दोन दिवस निर्वेध चालल्यावर आम्ही त्या ग्राहकाचे खाते उघडले. भावाने जाण्याच्या अकरा दिवस आधी स्वतः जमानोंद केली होती: अडतीस हजार, रोख, आणि खाली शेऱ्यात त्या दुकानदाराच्या मुलीच्या लग्नाचा उल्लेख. ग्राहक खरे बोलत होता. भावजय बराच वेळ तो शेरा वाचत राहिली. मग म्हणाली, "आज त्यांना फोन तुम्ही करू नका भाऊजी, मी करते." तिने स्वतः त्या गृहस्थांची क्षमा मागितली आणि खाते चुकते असल्याचा उतारा पाठविला. ते आजही माल आमच्याकडूनच नेतात.

विंडोज पुसली असती तर ती बाकी तशीच 'येणे' म्हणून राहिली असती, आणि एक सचोटीचा माणूस आमच्या वहीत कायमचा बुडवा ठरला असता. यंत्र वाचविण्यामागे केवळ काटकसर नसते, हे मला त्या दिवशी विशेष जाणवले.

अर्थात जुन्या यंत्राला किती धरून ठेवायचे, यालाही मर्यादा आहे. विंडोज १० चे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि २०१२ च्या सुमाराची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा जीएसटीचे विवरण भरू नये. आम्ही चालू वर्षाचे काम नव्या संगणकावर हलविले आणि जुन्याची इंटरनेटची तार काढून त्याला केवळ जुन्या वर्षांचे दप्तर म्हणून ठेवले. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणून जुन्या दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या वास्तूत असावी. एक दुकानात, एक घरी. आणि वर्षातून एकदा ती प्रत उघडून, एखाद्या खात्याची बाकी छापील उताऱ्याशी ताडून पाहावी. न तपासलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी.

जेव्हा यंत्राला खरोखरच निरोप द्यायचा, तेव्हा हार्ड डिस्क काढून घ्यावी आणि उरलेले धड नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांचाही रोख तोच आहे. बोर्डावरच्या झाळणीत शिसे असू शकते. ते उघड्यावर जाळणाऱ्याच्या हाती देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या श्वासात टाकणे होय.

तरुण मंडळींना एकच विनंती. आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात 'नाइलिट' ही केंद्र सरकारची संस्था इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचे शिक्षण देते. घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने व्यापारासोबत हे शास्त्रही थोडे शिकून घ्यावे. तेवढे जमले नाही तरी, 'मदरबोर्ड गेला' असे कोणी म्हटले की लगेच खिशात हात घालण्याऐवजी एक कागद घ्यावा, त्यावर चार रकाने आखावेत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. पुतण्याने त्या दिवशी आखलेला तक्ता भावजयीने दुकानाच्या फायलीत लावून ठेवला आहे. पुढच्या वेळी मला बोलवावे लागणार नाही, असे तो म्हणतो, आणि मला त्याचे समाधान आहे.